निळी सावली

दिवाळीच्या अंकात बर्फाची गोष्ट सांगायला बसणे थोडे विचित्रच. फराळाची ताटे पुढे आहेत, अंगणात रांगोळी आहे, आणि लेखक मात्र वाचकाला फ्रान्समधल्या गोठलेल्या शेतात नेऊन उभे करतो! पण वाचकहो, ही गोष्ट बर्फाची दिसली तरी खरे म्हणजे उजेडाची आहे. आणि उजेडाच्या गोष्टीला दिवाळीहून अधिक चांगला मुहूर्त कुठला शोधायचा?

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात क्लोद मोने या चित्रकाराचे एक चित्र आहे. उंची ८९ सेंटिमीटर, रुंदी १३० सेंटिमीटर. म्हणजे घरातल्या एखाद्या बेताच्या खिडकीएवढे. १८६८-६९ च्या हिवाळ्यात, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रता गावाच्या आसपास त्याने ते रंगविले. चित्रात फारसे काही घडत नाही. बर्फाने झाकलेले शेत आहे. आडवे पसरलेले कुंपण आहे आणि त्याच्या काठावर बर्फाची जाड किनार साचली आहे. मागे बर्फाने लदलेली झाडे आणि त्यांच्या आडोशाला एक घर आहे. डाव्या बाजूला शिडीसारखे दिसणारे लाकडी फाटक आहे आणि त्याच्या वरच्या दांडीवर एक पक्षी बसला आहे. तो मॅगपाय. कावळ्याच्या कुळातला, लांब शेपटीचा, काळापांढरा. आपल्याकडचा दयाळ त्याच्याहून पुष्कळ लहान, पण अंगावरची काळ्यापांढऱ्याची वाटणी साधारण तशीच. या पक्ष्याच्या नावावरूनच चित्राला ‘ला पी’ म्हणजे ‘मॅगपाय’ असे नाव मिळाले. माणूस चित्रात कुठेही नाही.

सूर्य कुंपणाच्या पलीकडे, खाली आलेला आहे. त्यामुळे कुंपणाची सावली अलीकडे, चित्र पाहणाराच्या दिशेने बर्फावर पसरली आहे. आणि ही सावली निळी आहे. कुठे फिकट निळी, कुठे जांभळसर, कुठे राखाडीकडे झुकणारी. पण काळी मात्र कुठेच नाही. ज्या एका गोष्टीसाठी हे चित्र आज जगभर ओळखले जाते आणि ज्या गोष्टीने त्या काळच्या पुष्कळांना ते खटकले असेल, ती गोष्ट हीच.

आज आपल्याला यात नवल वाटत नाही. पण घरातल्या लहान मुलाला खडूची पेटी देऊन ‘झाड काढ आणि त्याची सावली काढ’ असे सांगून पाहा. तो सावलीसाठी काळा खडू उचलील, फार तर तपकिरी. सावली म्हणजे उजेड नाही ती जागा; उजेड नाही म्हणजे अंधार; आणि अंधार काळा. हा हिशेब इतका सरळ आहे की युरोपातल्या मोठमोठ्या चित्रकारांनीही शेकडो वर्षे साधारण तोच धरला. चित्रशाळेत शिकणाऱ्या मुलाला आधी छायाप्रकाशाचे ज्ञान दिले जाई ते कोळशाच्या कांडीने, आणि रंगांकडे तो मागाहून वळे. कॅनव्हासला अनेकदा आधी तपकिरी अस्तर दिलेले असे. सावल्या त्याच तपकिरीत, कधी डांबरासारख्या काळसर द्रव्यात बुडविल्या जात. उत्तरेकडच्या खिडकीतून येणाऱ्या स्थिर उजेडात, बंद खोलीत, हा हिशेब बहुतेक जमूनही जाई. तो फसतो उघड्यावर, भर उन्हात. आणि सर्वांत जास्त फसतो बर्फावर.

पण बर्फावर उघड्यावर बसून चित्र काढायला कोण जाणार?

ते धाडस करणारा मोने त्या हिवाळ्यात अठ्ठावीस वर्षांचा होता. जन्म पॅरिसचा, १८४० चा. पण बालपण गेले ल हाव्र बंदरात. तिथे बुदँ नावाच्या एका वडीलधाऱ्या चित्रकाराने त्याला घराबाहेर, समुद्रकाठी, प्रत्यक्ष समोर पाहून रंगवायला लावले होते आणि ती सवय त्याच्या अंगी कायमची मुरली. बाकी त्याची परिस्थिती मात्र कठीण होती. कामीय नावाच्या तरुणीवर त्याचे प्रेम होते; १८६७ च्या ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला, पण लग्न अजून व्हायचे होते, आणि मोनेच्या घरच्यांना हा संबंध मान्य नव्हता. घरून येणाऱ्या पैशांचा भरवसा उरला नव्हता. १८६८ च्या जून महिन्यात तर खानावळवाल्याने या तिघांना बाहेर काढले. त्या वेळी आपला मित्र आणि चित्रकार बाझीय याला मोनेने जे पत्र लिहिले, त्याच्या शेवटी एक वाक्य जाता जाता लिहावे तसे येते: आदल्या दिवशी मनाचा तोल इतका गेला होता की त्याने स्वतःला पाण्यात झोकून दिले होते, सुदैवाने काही झाले नाही.

त्यानंतर सहाच महिन्यांनी हा माणूस बर्फात उभा राहून उजेड रंगवीत होता. मधल्या काळात ल हाव्रच्या गोदिबेर नावाच्या एका सद्गृहस्थाने त्याला हात दिला. आपल्या पत्नीचे मोठे चित्र करून घेतले, थोडे पैसे बांधून दिले. त्या आधारावर मोनेने एत्रताला एक लहानसे घर भाड्याने घेतले. डिसेंबरात त्याने बाझीयला पुन्हा पत्र लिहिले, आणि या पत्राचा सूरच निराळा आहे. दिवसभर उघड्यावर काम करावे, संध्याकाळी घरी यावे तो चुलीत विस्तव आहे, आणि कुटुंब वाट पाहत आहे. आणखी काय हवे, असा त्याचा आशय. इथे जे काही होईल ते दुसऱ्या कुणासारखे होणार नाही, कारण ते केवळ माझ्या स्वतःच्या अनुभवाचे असेल, असेही त्याने त्यात म्हटले. ‘मॅगपाय’ हे त्या घराच्या आसऱ्याने झालेले चित्र आहे. चित्रात मागे दिसणारे बर्फाच्छादित घर पाहताना ही पत्रे आठवतात, आणि त्या शांत शेतातला ऊबदारपणा कुठून आला असेल याचा थोडा अंदाज येतो.

मोनेच्या या वेडाचे एक वर्णन ल हाव्रच्या एका वार्ताहराने त्याआधीच करून ठेवले होते. दगड फुटावा अशी थंडी पडलेली असताना त्याला रस्त्याकडेला आधी एक लहानशी शेगडी दिसली, मग एक चित्राची घोडी, आणि मग एकावर एक तीन डगले चढविलेला, हातमोजे घातलेला, तोंड अर्धे गोठलेला एक गृहस्थ. तो मोने होता, आणि बर्फावरच्या उजेडाचा अभ्यास करीत होता! वाचताना हसू येते; पण घरात बसून हा अभ्यास होण्यासारखा नव्हता, हेही तितकेच खरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बर्फावरची सावली निळी का?

उन्हात ठेवलेल्या वस्तूवर एक नव्हे, दोन दिव्यांचा उजेड पडत असतो. एक दिवा सूर्य. त्याचा उजेड प्रखर, आणि तो क्षितिजाजवळ असताना पिवळसर. दुसरा दिवा म्हणजे डोक्यावरचे सबंध आकाश. त्याचा उजेड मंद, पण चहूकडून येणारा आणि निळा. कुंपण आड आले की सूर्याचा उजेड अडतो. आकाशाचा मात्र अडत नाही. म्हणजे सावलीत उजेड नसतो असे नाही. एका दिव्याचा नसतो, दुसऱ्याचा असतो. एरवी माती, गवत, विटा आपापल्या रंगाने ही गोष्ट झाकून टाकतात. बर्फाला स्वतःचा रंग जवळजवळ नाही. त्यावर जो उजेड पडेल तोच तो परत देतो. म्हणून उन्हातला बर्फ किंचित पिवळा आणि सावलीतला बर्फ निळा.

आकाश निळे का, हे शास्त्रज्ञांना त्याच सुमारास उलगडत होते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. १८६९ साली टिंडॉल याने काचेच्या नळीत अतिसूक्ष्म कणांतून प्रकाश सोडून आकाशासारखी निळाई प्रयोगशाळेत दाखविली. १८७१ साली लॉर्ड रॅले याने गणित मांडून दाखविले की, अतिसूक्ष्म कणांवर आपटून विखुरताना प्रकाशातला निळा भाग तांबड्याहून कितीतरी अधिक विखुरतो. ते गणित छापून येण्यापूर्वीच मोनेचे चित्र रंगून वाळलेही होते. त्याला कारण ठाऊक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. समोर जे दिसले ते त्याने ठेवले.

कोणी म्हणेल, हे पाहणारा मोने काय पहिलाच? मुळीच नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लिओनार्दोने आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे की, सूर्य क्षितिजाजवळ येऊन तांबडा झाला म्हणजे पांढऱ्या भिंतीवरच्या सावल्या निळ्या दिसतात. जर्मन महाकवी गटे १७७७ च्या डिसेंबरात ब्रोकेन पर्वतावरून उतरत होता, तेव्हा बर्फावरच्या सावल्या दिवसा त्याला जांभळ्या दिसल्या आणि सूर्य मावळताना सारा बर्फ गुलाबी होताच त्याच सावल्या हिरव्या झाल्या. १८१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात त्याने हे सविस्तर नोंदले. मोनेच्या आधीच्या पिढीतला थोर चित्रकार देलाक्रवा याच्याही रोजनिशीत सावलीतल्या जांभळ्या रंगाची नोंद सापडते. म्हणजे ज्ञानी माणसांना गोष्ट माहीत होती. मग ती संपूर्ण चित्राचा आधार व्हायला इतका उशीर का लागला?

याची कारणे दोन. एक आपल्या मनातले आणि एक रंगाच्या पेटीतले.

मनातले कारण असे की, आपण डोळ्यांनी जितके पाहतो त्याहून अधिक आठवणीने पाहतो. धुतलेले धोतर सकाळी, दुपारी, दिव्याच्या उजेडात, कुठेही पाहिले तरी आपल्याला ते पांढरेच वाटते. वस्तुतः दिव्याजवळ ते पिवळे असते आणि झाडाच्या सावलीत निळसर. पण मन मधल्या मध्ये हिशेब करून आपल्याला ‘पांढरे’ एवढेच उत्तर हातात देते. व्यवहारात हे सोयीचे आहे. नाही तर भाजी ताजी की शिळी हेही धड कळणार नाही. चित्रकाराला मात्र हा हिशेब उलटा सोडवावा लागतो. हे बर्फ आहे, हे कुंपण आहे, ही सावली आहे, ही नावे घटकाभर विसरून या जागी कोणता रंग आहे एवढेच त्याला स्वतःला विचारावे लागते. ऐकायला सोपे, करायला महाकठीण.

शिवाय रंग एकटा कधीच दिसत नाही. याचा शोध लागला तो एका तक्रारीतून. पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकामशाळेत शव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तिथे तक्रार आली की, काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो. शव्रलांनी तपासले तो रंग उत्तम होता. दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगाचा होता. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. पिवळसर उन्हाच्या शेजारी सावली असते त्याहूनही निळी भासते, ती या नियमामुळे.

पेटीतले कारण अधिक साधे आहे. तैलरंग पूर्वी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत; टाचणीने भोक पाडायचे, लागेल तेवढा रंग काढायचा, मग तो वाळण्याच्या आत संपवायचा. असे बोचके घेऊन बर्फात जाणे अवघडच. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढण्याच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि रंग खिशात बसू लागला. निळ्या रंगाची तर कथाच वेगळी. उत्तम निळा म्हणजे अल्ट्रामरीन. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतील लाजवर्द दगड कुटून काढीत, आणि तो इतका महाग की जुने चित्रकार तो राखून ठेवीत मातेच्या वस्त्रासाठी, मेरीच्या झग्यासाठी. शेतातल्या कुंपणाच्या सावलीवर तो कोण उधळणार? फ्रान्समधल्या एका उद्योगसंस्थेने हा रंग कृत्रिम रीतीने स्वस्तात करणाऱ्याला सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले आणि १८२८ साली ते गीमे याला मिळाले. नंतर निळा रंग कारखान्यातून पोत्यांनी निघू लागला.

आणि वाचकहो, हा रंग आपल्या ओळखीचा आहे! पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात द्यायची ती नीळ, भिंतीच्या चुन्यात चिमूटभर टाकायची ती नीळ, ती बहुतेक हीच कृत्रिम अल्ट्रामरीन. पांढरे अधिक पांढरे दिसावे म्हणून त्यात निळे घालायचे, हे आपल्या आज्यांना कोणत्याही चित्रशाळेत न जाता कळलेले होते. मोनेचा बर्फही त्याच युक्तीने पांढरा झाला आहे. ‘मॅगपाय’ जवळून पाहिले तर निखळ पांढरा रंग त्यात फार थोडा. मलईचा, फिकट गुलाबी, राखी, निळा असे अनेक पांढरे एकमेकांशेजारी, आडव्यातिडव्या फटकाऱ्यांनी ठेवलेले. दूर गेले की सगळे मिळून थंड सकाळचा लखलखीत बर्फ. आणि एवढ्या फिक्या रंगांत नजर भरकटू नये म्हणून फाटकावर एक काळा ठिपका: तो पक्षी. तो झाकून पाहिला तर चित्र विस्कळीत होते. सारा गाव झोपला असताना ओसरीवर एक म्हातारा जागा असावा, तसा तो पक्षी त्या शेताला जाग आणतो.

असे हे चित्र मोनेने १८६९ साली पॅरिसच्या ‘सालाँ’कडे पाठविले. सालाँ म्हणजे तिथले मोठे सरकारी प्रदर्शन. त्यात चित्र लागले तर गिऱ्हाईक मिळे, नाव होई. न लागले तर चित्रकाराने खायचे काय हा प्रश्न. परीक्षकांनी ‘मॅगपाय’ परत पाठविले. त्याच्याबरोबरचे समुद्रावरच्या मासेमारी होड्यांचे चित्रही परत आले. तपकिरी सावल्यांना सरावलेल्या डोळ्यांना इतके फिकट, इतके उजळ चित्र अपुरे वाटले असेल तर आश्चर्य नाही. घरात दीड वर्षाचे मूल आणि हातात परत आलेली चित्रे, अशा अवस्थेत दुसरा कोणी पुढच्या वर्षी थोडा तपकिरी रंग वाढविता. मोने त्या उन्हाळ्यात रन्वार या मित्राबरोबर सीन नदीच्या काठी जाऊन पाण्यावरचा उजेड रंगवू लागला!

पुढची वर्षे सुखाची नव्हती. १८७० च्या जूनमध्ये मोने आणि कामीय यांचे लग्न झाले आणि त्याच उन्हाळ्यात फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले. ज्याला ती पत्रे लिहिली तो बाझीय सैन्यात दाखल झाला आणि २८ नोव्हेंबर १८७० रोजी, एकोणतिसावा वाढदिवस आठ दिवसांवर असताना, रणांगणावर पडला. १८७४ साली मोने आणि त्याच्या मित्रांनी सालाँचा नाद सोडून स्वतःचे प्रदर्शन भरविले, आणि टीकाकारांनी थट्टेने दिलेले ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. निळ्याजांभळ्या सावल्यांवर तर टीकेची झोड उठली. १८७६ साली एका नामांकित वृत्तपत्रातल्या टीकाकाराने, झाडे जांभळी नसतात हे या पिसारो महाशयांना कोणीतरी समजावून सांगा, अशा अर्थाचे लिहिले. कादंबरीकार ह्युइसमान्स याने या मंडळींच्या निळ्या वेडाचा संबंध डोळ्यांच्या आणि मज्जातंतूंच्या विकाराशी जोडला. जे दिसते ते रंगविणाऱ्यांना डोळ्यांचे रोगी ठरविण्यात आले, असा हा न्याय.

या पाहण्याची किंमत मोनेला आणखी एका ठिकाणी मोजावी लागली. १८७९ च्या सप्टेंबरात कामीय दीर्घ आजाराने वारली. ती अवघी बत्तीस वर्षांची होती. तिच्या उशाशी बसलेल्या मोनेने तिचे अखेरचे चित्र केले. तेही आज ओर्से संग्रहालयातच आहे. पुढे म्हातारपणी आपला मित्र, फ्रान्सचा माजी पंतप्रधान क्लेमांसो याला त्याने सांगितले की, त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर मृत्यू जे निळे, पिवळे, राखी रंग एकामागून एक चढवीत होता ते आपले डोळे आपोआप टिपू लागले होते, आणि हे ध्यानात येताच आपण स्वतःच हादरलो. ज्या डोळ्यांनी बर्फावरची निळाई पाहिली, त्यांना नको तिथेही मिटून घेता येईना. ही गोष्ट वाचल्यावर ‘मॅगपाय’मधल्या त्या निळ्या सावलीकडे केवळ रंगाची गंमत म्हणून पाहणे अवघड होते.

मोने १९२६ साली, शहाऐंशी वर्षांचा होऊन, कीर्तिमान माणूस म्हणून वारला. सालाँने नाकारलेले ‘मॅगपाय’ फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी १९८४ साली विकत घेतले. मधल्या एकशे पंधरा वर्षांत सावल्या होत्या तशाच राहिल्या. लोकांना तेवढ्या त्या दिसू लागल्या.

त्या दिसायला पॅरिसला जावे लागत नाही, आणि बर्फही लागत नाही. पावसाळा ओसरून आश्विन-कार्तिकात आपले आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झालेले असते. अशा सकाळी चुन्याने रंगविलेल्या भिंतीवर किंवा दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या पंचावर पडलेली सावली नीट पाहा. कडेचे पिवळसर ऊन आणि तिची निळसर झाक ओळखायला थोडा वेळ लागेल, पण एकदा ओळखली की मग ती सुटत नाही. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर पण पुरते अंधारण्यापूर्वी, घरातल्या मुलांना जवळ बोलवून गटेने सांगितलेला एक प्रयोग करावा. विजेचे दिवे घटकाभर बंद ठेवावेत. खिडकीजवळ पाटावर कोरा पांढरा कागद पसरावा. एका बाजूने खिडकीतून मावळतीचा उजेड येऊ द्यावा, दुसऱ्या बाजूला पणती ठेवावी आणि मध्ये एक पेन्सिल उभी धरावी. पेन्सिलीच्या दोन सावल्या पडतील. खिडकीच्या उजेडाने पडलेली सावली पणतीच्या ज्योतीने भरून पिवळी होईल. आणि पणतीने पाडलेली सावली आकाशाच्या उजेडाने भरून निळी.

हा खेळ पाच-दहा मिनिटांचाच. बाहेर अंधारले की निळी सावली हळूहळू काळी पडते. तेव्हा दिवेलागणीच्या गडबडीत तेवढी वेळ तेवढी साधायला हवी.